ओवी, अभंग आणि ब्राँक्सचा ताल

न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात मॉरिसानिया नावाची गरीब वस्ती आहे. तेथील ट्रिनिटी या एपिस्कोपल चर्चने २००४ साली आपल्या प्रार्थनाविधीला हिप-हॉपचा ताल जोडला. शतकानुशतके घोटली गेलेली इंग्रजी प्रार्थना बाजूस सारून वस्तीतील मुलांच्या बोलीत, ढोलाच्या ठोक्यावर ती म्हटली जाऊ लागली. पुढे २००६ मध्ये धर्मगुरू टिमोथी होल्डर यांनी संपादित केलेले ‘हिप हॉप प्रेअर बुक’ त्याच पंथाच्या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केले. हा देवाच्या शब्दांचा बाजार मांडला, असे काहींनी म्हटले. चर्चला उशिरा का होईना शहाणपण सुचले, असे इतरांनी म्हटले. दोन्ही मते घाईची आहेत. धर्मग्रंथ कुमारवयीन मुलांना गोडी लागेल अशा रीतीने कसा सांगावा, हा प्रश्न वरवर पाहता अध्यापनपद्धतीचा वाटतो. वस्तुतः तो मालकीचा आहे. हा ताल कोणाचा, आणि त्यावर बोलायचे कोणी?

हिप-हॉपचा जन्म एका अगदी साध्या आर्थिक गरजेतून झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधील १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत एका मुलीने नृत्याची मेजवानी भरवली. नव्या शालेय वर्षासाठी कपडे घ्यायला पैसे हवे होते, म्हणून मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट असे प्रवेशमूल्य ठेवले होते. तिचा भाऊ, जो पुढे कूल हर्क या नावाने प्रसिद्ध झाला, तबकड्या वाजवत होता. नाचणाऱ्यांना गाण्यापेक्षा मधल्या, नुसत्या तालवाद्यांच्या तुकड्यात अधिक रंग चढतो, हे त्याने हेरले होते. एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवू लागला. त्या काळचा ब्राँक्स मोठ्या महामार्गासाठी मधोमध चिरला गेलेला होता. १९७५ मध्ये तर न्यूयॉर्क महापालिकाच दिवाळखोरीच्या कड्यावर येऊन उभी राहिली. वाद्ये विकत घेण्याची ऐपत नाही आणि शिकवणारा कोणी नाही, अशा मुलांनी घरातल्या जुन्या तबकड्यांतून नवे संगीत निर्माण केले. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर भांडवलाच्या टंचाईत श्रमाची, म्हणजे येथे शब्दांची, सघनता वाढवण्याचा हा प्रकार होता. साध्या चित्रपटगीतात जेवढे शब्द असतात, त्याच्या कितीतरी पट शब्द एका रॅपमध्ये मावतात.

ही शब्दबहुलताच धर्मग्रंथाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बायबल हे मुळात कानांनी ऐकण्याचे साहित्य. हिब्रू काव्यात एक अर्धा चरण एक विचार मांडतो आणि दुसरा तोच विचार वेगळ्या शब्दांत फिरवून सांगतो. पौलाची पत्रे मंडळ्यांसमोर मोठ्याने वाचली जाण्यासाठी लिहिली गेली. शाळकरी मुलाने ती मुकाट्याने, एकट्याने, छापील पानावरून वाचावीत ही अपेक्षा तुलनेने अलीकडची आहे. तेव्हा तालावर म्हटलेले स्तोत्र ही विटंबना नव्हे. मूळ स्वभावाकडे ते काही अंशी परतणेच होय.

तरीही चर्चने हा ताल सुखासुखी स्वीकारलेला नाही. १९९३ साली हार्लेममधील अ‍ॅबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचे प्रमुख कॅल्व्हिन बट्स यांनी रॅपमधील हिंसक आणि स्त्रियांना हीन लेखणाऱ्या शब्दांविरुद्ध मोहीम काढली होती. ध्वनिफिती रस्त्यावर टाकून त्यांवरून रोडरोलर फिरवण्याचा तो बेत अमेरिकाभर गाजला. बट्स यांचा राग अनाठायी होता असेही म्हणवत नाही. त्या गीतांतील पुष्कळशी भाषा खरोखरच ओंगळ होती. पण अकराच वर्षांनी, त्याच हार्लेममधील दुसऱ्या एका कृष्णवर्णीय चर्चमध्ये ‘हिप हॉप चर्च’ भरू लागले, आणि ते उभारण्यात कर्टिस ब्लो या रॅपच्या पहिल्या पिढीतील गायकाचा हात होता.

अकरा वर्षांत बदलले काय? ताल बदलला नाही. बाके रिकामी होऊ लागली. प्यू या संशोधनसंस्थेच्या पाहणीनुसार २००७ मध्ये अमेरिकेतील ७८ टक्के प्रौढ स्वतःला ख्रिस्ती म्हणवत. २०२३-२४ मध्ये ते प्रमाण ६२ टक्क्यांवर आले, आणि अठरा ते चोवीस वयाच्या तरुणांत तर ते निम्म्याहूनही कमी आहे. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवले आहे की, ज्या धर्मगुरूंना कायमचे उत्पन्न लावून दिलेले असते ते सुस्तावतात, आणि ज्यांची भाकरी अनुयायांच्या स्वेच्छेने दिलेल्या वर्गणीवर अवलंबून असते ते उत्साहाने झटतात. अमेरिकेत राजमान्य धर्मसंस्था नाही. तेथील प्रत्येक चर्चला आपला श्रोता स्वतःच मिळवावा लागतो. हिप-हॉपकडे वळण्यामागे श्रद्धा आहेच, पण हा व्यवहारही आहे. तो असल्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. मात्र तो नसल्याचे सोंग करू नये.

या व्यवहारात फसवणूक कोठे शिरते हे पाहण्यासाठी मराठी वाचकाला फार दूर जावे लागत नाही. १६१६ साली गोव्यातील राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठी भाषेवरील प्रेमाने ओथंबलेला आहे, यात वाद नाही. पण त्याच ग्रंथात एक नवख्रिस्ती ब्राह्मण गुरूला विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? हा प्रश्न वाचताना थबकायला होते. ज्यांच्याकडून पुराण काढून घेतले, त्यांच्याच छंदात त्यांना नवे पुराण देण्यात आले. स्टीफन्सची ओवी सुंदर असली तरी ती देणाऱ्याच्या हातची होती. तीन शतकांनंतर नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ताविषयी अभंग रचले, कीर्तने केली, तेव्हा मात्र चित्र उलटे होते. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती; अभंग त्यांना उसना घ्यावा लागला नाही, तो घरचाच होता. छंद तोच असूनही या दोन गोष्टी एक नव्हेत.

अमेरिकेतील प्रयोगांतही हा भेद दिसतो. १९८५ मध्ये स्टीफन वायली यांचे ‘बायबल ब्रेक’ निघाले. बायबलमधील ग्रंथांची नावे त्यात तालात गुंफलेली होती. पाठांतराला हे उपयोगी, आणि आपल्याकडील पाढ्यांच्या जातीचे. १९९३ मध्ये पी. के. मॅकॅरी यांनी ‘ब्लॅक बायबल क्रॉनिकल्स’मध्ये बायबलच्या आरंभीच्या कथा कृष्णवर्णीय वस्त्यांतील बोलीत सांगितल्या. याहून वाईट प्रकार म्हणजे टोपी उलटी घालून, दहा वर्षांपूर्वीची बोली तोंडात घोळवत मुलांपुढे उभा राहणारा मध्यमवयीन उपदेशक. पंधरा वर्षांच्या मुलाला त्याच्यातले सोंग पहिल्या दोन ओळींतच कळते, आणि मग त्याचा विश्वास केवळ उपदेशकावरून उडत नाही, ग्रंथावरूनही उडतो.

लेक्रे या गायकाची हकीकत या साऱ्याहून अधिक बोलकी आहे. २००४ मध्ये स्थापन झालेल्या ‘रीच रेकॉर्ड्स’चा तो सहसंस्थापक. या मंडळींनी ‘एकशे सोळा’ हा आकडा आपले निशाण केला. तो रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील सोळाव्या वचनावरून आलेला. २०१३ मध्ये त्याला गॉस्पेल संगीताचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २०१४ मध्ये त्याचा ‘अ‍ॅनॉमली’ हा संग्रह गॉस्पेलच्याच नव्हे, तर अमेरिकेतील सर्व संगीतसंग्रहांच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. तोवर गोरी इव्हँजेलिकल चर्चेस त्याला डोक्यावर घेत होती. त्याच वर्षी फर्ग्युसन येथे एका निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसाच्या गोळीने मृत्यू आला आणि लेक्रे वर्णभेदाविषयी बोलू लागला. २०१६ च्या अमेरिकन स्वातंत्र्यदिनी त्याने गुलामांचे एक छायाचित्र ट्विटरवर ठेवले, तेव्हा कालपर्यंतच्या चाहत्यांनीच त्याला धारेवर धरले. येशूविषयी गा, बाकीचे सोडून दे, असा त्यांचा एकंदर सूर होता. २०१७ मध्ये त्याने गोऱ्या इव्हँजेलिकल वर्तुळापासून आपण दूर होत असल्याचे जाहीरपणे सांगितले. ताल हवा, गाणारा हवा, त्याच्यामागे येणारी तरुण गर्दीही हवी. ज्या दुःखातून तो ताल जन्मला ते मात्र नको, असा हा सौदा होता. आणि बायबलशी तरी तो कोठे जुळतो? गरिबाला चपलांच्या जोडासाठी विकणाऱ्यांना आणि मंदिरात गाणी गाणाऱ्यांना आमोस संदेष्ट्याने ज्या शब्दांत झोडपले आहे, ते कोणत्याही रॅपपेक्षा सौम्य नाहीत.

या प्रयोगांवर एक गंभीर आक्षेप उरतोच. तालासाठी वचन वाकवले, यमकासाठी अर्थ सोडला, तर मुलांच्या हाती उरेल ते बायबल नव्हे. हा धोका खरा आहे. त्यावर शिकागोतील ‘स्ट्रीटलाइट्स’ने काढलेला मार्ग अनुकरणीय म्हणावा लागेल: प्रचलित अनुवादाचा शब्दही न बदलता त्यांनी तो हिप-हॉपच्या संगीतावर वाचून ध्वनिमुद्रित केला. ग्रंथ ग्रंथाच्या जागी राहतो आणि ऐकणाऱ्याचा स्वतःचा शब्दही त्याच्या जागी राहू शकतो. धर्मगुरूने मुलासाठी रॅप लिहून देण्यापेक्षा मूळ स्तोत्र त्याच्या कानी घालावे आणि उत्तर त्याला लिहू द्यावे, हे अधिक प्रामाणिक. मग ते उत्तर कसे येईल याची हमी मात्र कोणी मागू नये. वडील तुरुंगात असलेला, भाऊ गोळीबारात गमावलेला मुलगा आशेच्या ओळीवर लेखणी थांबवीलच असे नाही. आणि नेमक्या येथेच चर्चमधील वडीलधारी मंडळी अस्वस्थ होऊन शेवटी दोन गोड ओळी जोडण्याचा आग्रह धरतात. स्तोत्रसंहितेतील अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राला अशा ओळी कोणी जोडलेल्या नाहीत. ते आक्रोशाने सुरू होते आणि अंधार या शब्दावर संपते. कॅथलिक पंथाच्या रात्रीच्या प्रार्थनेत ते आजही दर शुक्रवारी जसेच्या तसे म्हटले जाते.