प्रथिनांचा डबा आणि घरचा हरभरा

दिल्लीतील करोल बागेला लागूनच भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा प्रक्षेत्र आहे. हरभऱ्याचे 'पुसा 256' हे वाण याच संस्थेचे. तरीही करोल बागेतील तरुण स्नायू कमावण्यासाठी प्रथिन पावडरचे डबेच विकत घेतो. आणि हे लोण आता महाराष्ट्रातील तालुक्याच्या व्यायामशाळांपर्यंत आले आहे.

डबा निरुपयोगी नव्हे. चीज करताना उरणाऱ्या निवळीतील प्रथिने उत्तम प्रतीचीच असतात. प्रश्न गरजेचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत स्नायूवाढीसाठी अशी पूरके टाळण्याचा सल्ला दिला आहे. सामान्य प्रौढास दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात. वजने उचलणाऱ्यासही 1.6 ग्रॅमपलीकडे अधिक लाभ होत नाही.

म्हणजे 60 किलो वजनाच्या तरुणास फार तर 96 ग्रॅम. 100 ग्रॅम हरभऱ्यातून सुमारे 20, अर्धा लिटर दुधातून 16, 50 ग्रॅम सोयाबीनमधून 18, दोन अंड्यांतून 12 आणि 300 ग्रॅम पिठाच्या भाकरी-पोळीतून 30 ग्रॅम मिळाले की हिशेब पुरा होतो. डाळीत उणे असलेले मेथिओनिन धान्य पुरवते, धान्यात उणे असलेले लायसिन डाळ. सोयाबीन मात्र नीट शिजवूनच खावे. कच्च्या दाण्यातील ट्रिप्सिनरोधक घटक प्रथिनांचे पचन अडवतात.

हरभऱ्याचे शेवटचे पोतेही बाजारात धाडायचे आणि त्या पैशांतून मुलासाठी डबा आणायचा, हा व्यवहार सरळ तोट्याचा आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी रब्बीच्या मेळाव्यात उत्पादनाच्या आकड्यांसोबत हा हिशेबही मांडावा, आणि तो ऐकायला शेतकऱ्यांच्या मुलांनाही बोलवावे.