पत्र्याखालची रात्र आणि हिवताप

आफ्रिकेतील घरे झपाट्याने बदलत आहेत. गवताचे छप्पर जाऊन पत्रा येतो आहे, मातीच्या भिंतींची जागा सिमेंटचे ब्लॉक घेत आहेत. पाणी, शौचालय, पुरेशी जागा आणि टिकाऊ बांधकाम या चारही निकषांवर उतरणाऱ्या घरांचे प्रमाण सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत 2000 मध्ये 11 टक्के होते. 2015 मध्ये ते 23 टक्के झाले. ही प्रगतीच आहे. पण घर पक्के झाले म्हणजे ते आरोग्यदायी झाले, असे मात्र नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2023 मध्ये हिवतापाने जगभरात सुमारे 5 लाख 97 हजार माणसे दगावली. त्यातील सुमारे 95 टक्के मृत्यू आफ्रिकेत झाले आणि त्यात बहुतांश पाच वर्षांखालील मुले होती. तिथला प्रमुख वाहक असलेला अ‍ॅनाफिलिस गॅम्बी डास मुख्यतः रात्री, माणसे झोपलेली असताना चावतो. झोपलेल्यांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास वळचणीच्या फटीतून बाहेर पडतो. त्या मागावर डास त्याच फटीतून आत येतो. गॅम्बियातील चाचणीत दारे-खिडक्यांना जाळी लावून वळचण बंद केली, किंवा नुसते जाळीचे आढे बसवले, तेव्हा मुलांमधला रक्तक्षय लक्षणीयरीत्या घटला. हे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले.

मग सगळ्या फटी बुजवल्या की झाले? इथेच उष्णता आडवी येते. पत्र्याच्या घराची वळचण बंद केली की कोंडलेली गरम हवा बाहेर पडत नाही. मराठवाडा-विदर्भात पत्र्याखाली उन्हाळा काढणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. उकाडा असह्य झाला की लोक दार उघडे टाकतात, मच्छरदाणी बाजूला सारतात किंवा उशिरापर्यंत अंगणात बसतात. मच्छरदाणी न वापरण्याच्या कारणांत उकाडा वारंवार पुढे येतो. म्हणजे डासांसाठी केलेला बंदोबस्त उकाडाच मोडून काढतो.

गॅम्बियातच पुढे 91 गावांतील 800 घरांवर मोठी चाचणी झाली. निम्म्या घरांना पत्र्याचे छप्पर व जाळीची दारे-खिडक्या दिल्या. मच्छरदाण्या दोन्ही गटांत होत्या. सुधारलेल्या घरांतील मुलांचा हिवताप त्यामुळे आणखी कमी झाला नाही. छप्पर बदलणे आणि जाळी बसवणे एवढ्यावर भागत नाही, हा त्याचा धडा.

गारवा आणि डासबंदी यांचा विचार एकत्रच करावा लागतो. आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीत समोरासमोर जाळीच्या खिडक्या ठेवल्या तर हवा खेळती राहते. घर जमिनीपासून उंच असेल तर आत शिरणारे डास कमी होतात, कारण हा डास बहुधा जमिनीलगत उडतो. टांझानियातील म्त्वारा भागात 110 दुमजली घरे याच विचाराने बांधली गेली. झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर, भिंतींना हवा जाऊ देणारी जाळी, पावसाचे पाणी साठवण्याची सोय, माशा न शिरणारे शौचालय. कुटुंबांची निवड सोडतीने झाली आणि मुलांच्या आजारांची तुलना जुन्या घरांतील मुलांशी करण्यात आली. बुर्किना फासोचे वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी गांदो गावातील शाळेत पत्रा आतल्या छतापासून उंच उचलून मधून वारा वाहता ठेवला. भिंती गावच्याच मातीच्या. हेच तत्त्व घरालाही लागू पडते.

मातीच्या घरांचे गोडवे गाणे सोपे असते. गवत दर काही वर्षांनी बदलावे लागते, भिंती पावसात झिजतात. पत्रा टिकतो, गळत नाही. कुटुंबे पत्रा निवडतात त्यामागे हा हिशेब आहे. खर्चाचा खरा प्रश्न त्यापुढचा आहे: पत्र्यासोबत जाळी, नीट बसणारे दार आणि वाऱ्याला वाट यांचे पैसे कोण देणार? घरबांधणीच्या कर्जात आणि अनुदानात या बाबी धरल्या नाहीत, तर गरीब कुटुंब त्या शेवटी ठेवते आणि मग त्या राहूनच जातात.

2050 पर्यंत आफ्रिकेची लोकसंख्या अडीच अब्जांच्या आसपास जाईल असा अंदाज आहे. आज बांधलेली घरे तेव्हाही उभी असतील आणि तेव्हाचा उन्हाळा आजच्यापेक्षा कडक असेल. घरबांधणीचे आराखडे मंजूर होताना आरोग्य खात्याचा माणूस तिथे बसलेला हवा. पुढे रुग्णालयातल्या खाटा वाढवण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.