चाके बदलली आणि दिवा पेटला

इंदूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. चिरंजीवांच्या हौसेखातर त्यांनी गाडीची जुनी चाके काढून चकचकीत अ‍ॅलॉय चाके बसवून घेतली. दुसऱ्याच दिवसापासून स्टिअरिंगसमोर एक पिवळा दिवा पेटू लागला. घोड्याच्या नालासारखी खूण आणि मध्ये उद्गारचिन्ह! दुकानदार म्हणाला, 'चाके बदलली की तो लागतोच, लक्ष देऊ नका.' आता याच गाडीने सहकुटुंब नागपूरला जायचे आहे. दिव्याकडे खरेच दुर्लक्ष करावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर एका शब्दात : नाही. हा दिवा टायरमधली हवा कमी झाल्याचा इशारा देतो. कमी हवेचा टायर धावताना जास्त दबतो, त्याच्या बाजू सतत वाकतात, तापतात आणि भर वेगात तो फुटू शकतो. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. जो दिवा रोजच पेटलेला असतो, तो खऱ्या संकटाच्या दिवशी वेगळे काय सांगणार?

आधी हवा मोजा

यंत्रणेला दोष देण्यापूर्वी चारही टायरची हवा मोजून घ्या. टायर थंड हवेत, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली हवी. किती हवा भरायची हे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेले असते. चाके बसवताना दुकानातला मुलगा पुष्कळदा अंदाजानेच हवा भरतो. शिवाय तापमान दहा अंशांनी उतरले की हवेचा दाबही दीड-दोन पीएसआयने उतरतो. त्यामुळे थंडीच्या पहाटे दिवा पेटला तर तो खरेही बोलत असेल.

बऱ्याच गाड्यांत दिव्याची पेटण्याची तऱ्हाही बोलकी असते. गाडी सुरू केल्यावर तो स्थिर पेटला, तर हवा कमी आहे. आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बिघाड यंत्रणेत आहे.

तुमच्या गाडीत कोणती पद्धत?

ही यंत्रणा दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात टायरच्या आत काहीच नसते. हवा कमी झालेल्या टायरचा घेर किंचित घटतो, त्यामुळे ते चाक इतरांपेक्षा थोडे जास्त फिरते. एबीएस ब्रेकसाठी बसवलेले सेन्सर हा फरक टिपतात. अशा गाडीत चाके बदलल्यावर रिसेट करावे लागते. त्यासाठी बटण असते किंवा पडद्यावरील मेनूत सोय असते. मात्र आधी हवा बरोबर भरा, मगच रिसेट करा. कमी हवेवर रिसेट केलेत, तर गाडी तीच हवा योग्य समजून बसेल!

दुसऱ्या प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा व्हॉल्व्हलाच जोडलेला, एक छोटा सेन्सर असतो. तो हवेचा दाब मोजून रेडिओलहरींनी गाडीला कळवतो. चारही चाकांची हवा पडद्यावर आकड्यांत दिसत असेल, तर तुमची गाडी याच प्रकारची समजा. इथे चाके बदलताना घोळ होतो तो चार कारणांनी.

पहिले आणि सर्वांत साधे कारण म्हणजे सेन्सर जुन्या चाकांतच राहून गेलेले असतात. जुनी चाके बदल्यात दिली असतील, तर ती दुसऱ्याला विकली जाण्याआधी दुकान गाठा.

दुसरे, नवे सेन्सर गाडीच्या ओळखीचे नसतात. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा क्रमांक असतो आणि गाडी ओळखीच्या क्रमांकाचेच ऐकते. काही गाड्या पंधरा-वीस मिनिटे चालवल्यावर नवे क्रमांक आपोआप शिकतात, काहींना वर्कशॉपमधील यंत्राने शिकवावे लागतात. तुमच्या गाडीची रीत मॅन्युअलमध्ये मिळेल.

तिसरे, सेन्सरची लहर जुळत नाही. युरोपीय गाड्यांत बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झचे, तर अमेरिकेतील अनेक गाड्यांत ३१५ मेगाहर्ट्झचे सेन्सर असतात. दिसायला दोन्ही सारखेच! स्वस्त मिळाले म्हणून मागवताना आपल्या मॉडेलशी पडताळा.

चौथे, टायर रिमवरून सोडवताना सेन्सर तुटलेला असतो किंवा त्याची बॅटरी संपलेली असते. ही बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे टिकते. ती सीलबंद असल्याने बहुधा सेन्सरच बदलावा लागतो. जुने सेन्सर नव्या चाकांत घालताना व्हॉल्व्हचे रबरी सीलही नवे घाला, नाहीतर हवा हळूहळू झिरपत राहील.

दिवा उशिराच पेटतो

अमेरिकेत टायर निकामी होऊन झालेल्या अपघातांच्या मालिकेनंतर २००० साली कायदा झाला आणि सप्टेंबर २००७पासून तिथल्या नव्या हलक्या गाड्यांत ही यंत्रणा सक्तीची झाली. तिथल्या नियमाप्रमाणे हवा २५ टक्क्यांनी कमी झाली की इशारा मिळायला हवा. म्हणजे ३२ पीएसआयचा टायर २४ वर येईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो! म्हणून दिवा असला तरी महिन्यातून एकदा हवा मोजायचीच. आपल्याकडे २०२०च्या नियमबदलाने, ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि ही यंत्रणा असलेल्या लहान गाड्यांना स्टेपनीतून सूट मिळाली. ज्या गाडीत स्टेपनीच नाही, तिथे हा दिवा हाच आधार.

तेव्हा ताई, नागपूरला निघण्यापूर्वी हवा मोजा आणि दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, 'माझे जुने सेन्सर कुठे आहेत?' दुरुस्ती तोवर झालीच नाही, तर निघताना थंड टायरची हवा स्वतः मोजा आणि हवा मोजायचे गेज सोबत ठेवा. वाटेत तापलेल्या टायरचा आकडा थोडा चढलेला दिसेल, म्हणून हवा काढू नका. मात्र एखाद्याच टायरचा आकडा इतरांपेक्षा बराच कमी दिसला, तर पंक्चरवाल्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि परत आल्यावर तो दिवा विझवून घ्या, म्हणजे पुन्हा पेटेल तेव्हा त्याचे ऐकता येईल.