लाकडी बैलाच्या अंगावर केस कोण काढणार?

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे तान्हा पोळा. नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ साली तो सुरू केला, असे सांगतात. विदर्भात आजही मुले लाकडी बैल सजवून निघतात, वणीही त्याला अपवाद नाही. सुतारकाम आणि रंगकाम आपल्या अनेक बांधवांच्या हातचे. पण पांढरा ऑइलपेंट फासला, शिंगे रंगवली की माल दुकानात! असा चकाकणारा बैल चिनी मातीचा दिसतो. मग गिऱ्हाईक घासाघीस करते आणि दोष आम्ही गिऱ्हाइकाला देतो.

बैल घेताना शेतकरी त्याचा भोवरा पाहतो. आपल्या बैलाला भोवरा असतो का? केस नाकाकडून मागे आणि पायांवरून खुराकडे वळतात, कपाळावर फिरतात, हे आधी जिवंत जनावरापाशी उभे राहून पाहावे. तरी वीतभर बैलावर एकेक केस कोरू नये. खऱ्या बैलाचे केस मुळातच आखूड; कोरले तर बैलाचे अस्वल होते! कोरकाम शेपटीच्या गोंड्यापुरते ठेवावे, बाकी काम रंगाचे. गवळाऊ बैल पांढरा, पण मान आणि वशिंड करडे. ही करडी छटा पांढऱ्यात हळूहळू विरली पाहिजे, आणि रंग बिनचकाकीचा हवा.

वाघाचे गणित वेगळे. ताडोबा शेजारच्याच जिल्ह्यात. तिथे येणारा पर्यटक आठवण म्हणून काहीतरी नेतोच. वाघाच्या गालांवर आणि पोटाखाली केस लांब असतात. तिथे चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांचा लगदा लावून, ओला असताना सुईने ओढावा. लगदा वाळला की आधी गडद रंग द्यावा. तो सुकल्यावर जवळजवळ कोरडा ब्रश फिकट रंगाने वरवर फिरवावा. उंचवटे उजळतात, खाचा गडद राहतात. पट्ट्यांच्या कडा सरळ नकोत, केसांच्या दिशेने तुटक हव्यात. चिंचोक्याचा लगदा कोंडापल्लीचे खेळणीवाले पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. आदिलाबाद ओलांडले की निर्मल; खेळण्यांचे ते गाव तर आपल्याला आणखी जवळ. तिथे जाऊन शिकायला लाज कसली?

मुंगसाच्या केसांचा ब्रश मात्र कोणी कितीही वाखाणला तरी घेऊ नये. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. दोन पैशांच्या ब्रशापायी कोर्टकचेरी कशाला? कृत्रिम केसांचा बारीक ब्रश पुरतो.

सजीवांच्या प्रतिमा घडवण्याबद्दल आपल्यात मतभेद आहेत, हे आम्ही जाणतो. ज्याचे मन घेत नाही त्याने आलिमांना विचारावे; लाकूड, चाके, रंग यांचा व्यापारही मोठाच आहे.

बाकीच्यांना आमचे सांगणे इतकेच, की यंदा दहा बैल नव्या पद्धतीने करा. दुकानदारांनी ते उधारीवर न घेता रोखीने घ्यावेत. कारागिराचे दोन दिवस जास्त जाणार आहेत, त्याची मजुरी पोळा होईपर्यंत अडकवू नये.