अनुभव आणायचा कुठून?

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, तिथे वैमानिकांची प्रशिक्षण संस्था उभारण्याचे एअर इंडियाने जाहीर केले होते. बेलोरा कारंज्याहून फार लांब नाही. ज्या गावाने वर्षानुवर्षे शकुंतला रेल्वेची संथ चाल पाहिली, तिथल्या बारावीच्या मुली आता विचारतात, "ताई, पायलट होता येतं का?" होता येते. पण परवाना हाती आल्यावर नोकरी कशावर मिळते, हे त्यांना कोणी सांगत नाही. उत्तर एका शब्दाचे आहे : अनुभव. हा शब्द दिसतो तितका सरळ नाही.

वैमानिकाचा अनुभव तासांत मोजतात. आपल्याकडे व्यावसायिक परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले १०० तास विमानाची संपूर्ण जबाबदारी स्वतः घेऊन केलेले हवेत. काही तास रात्रीचे, काही तास बाहेर न पाहता केवळ उपकरणांच्या आधारे केलेले. प्रवासी विमानाचे कप्तान व्हायचे तर १५०० तासांचा वरचा परवाना लागतो. शिवाय तासातासांत फरक आहे. एका इंजिनाच्या छोट्या विमानावरचे तास वेगळे, दोन इंजिनांचे वेगळे, जेटचे आणखी वेगळे. हेलिकॉप्टरचा तर परवानाच निराळा. कंपनी ज्या जातीचे विमान चालवते त्याचे खास प्रशिक्षण, म्हणजे 'टाइप रेटिंग', ज्याच्याकडे तयार आहे त्याचे पारडे जड असते. तास कधी केले हेही पाहतात. शेवटच्या उड्डाणाला वर्षे लोटली, की जुन्या तासांची किंमत उतरते.

शे-दीडशे जीव ज्याच्या हाती द्यायचे त्याचा अनुभव तपासलाच पाहिजे, याबद्दल वाद नाही. मात्र नुसता आकडा पुरत नाही, हेही अनुभवानेच शिकवले आहे. २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ विमान कोसळून ५० माणसे गेली. त्यानंतर २०१३ पासून तिथे सहवैमानिकालाही साधारणतः १५०० तासांची अट लागू झाली. लष्करात शिकलेल्यांना मात्र ७५० तास पुरेसे धरले. आणि कोसळलेल्या त्या विमानाच्या दोन्ही वैमानिकांकडे १५०० हून अधिक तास होते!

तेव्हा अट असावी की नसावी, हा आपला प्रश्न नाही. ती पुरी करण्याची संधी कोणाला दिली गेली, हा आहे.

अमेरिकेत १९३४ मध्ये हेलन रिची यांना एका कंपनीने सहवैमानिक म्हणून घेतले. वैमानिकांच्या संघटनेने त्यांना सभासद करून घेतले नाही आणि खराब हवेत उड्डाण करण्याची त्यांना मनाई झाली. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. खराब हवेचा अनुभव घेऊ द्यायचा नाही, आणि मग म्हणायचे, खराब हवेत बाईचा काय भरवसा! एमिली वॉर्नर अनेक वर्षे प्रशिक्षक होत्या. त्यांनी शिकवलेली मुले एकेक करून विमान कंपन्यांत लागली, त्या मात्र १९७३ पर्यंत अर्ज करत राहिल्या. नोकरी मिळाली तेव्हा त्यांच्या वहीत सुमारे ७००० तास होते. ऑस्ट्रेलियात डेबोरा वॉर्डली यांचीही हीच कथा. त्या कोर्टकचेरी करून १९७९-८० मध्ये जिंकल्या. शिष्याचे तास चालतात, गुरूचे चालत नाहीत, कारण गुरू बाई आहे!

जगभर अनेक कंपन्यांना लष्करी अनुभव फार प्रिय. पण भारतीय हवाई दलाची वाहतूक विमाने आणि हेलिकॉप्टरे स्त्रियांच्या हाती आली १९९० च्या दशकात, आणि लढाऊ विमाने २०१६ मध्ये. ज्या शाळेचे दार बंद, तिचाच दाखला मागायचा, असा हा न्याय.

आपल्याकडच्या प्रेम माथुर यांना आठ कंपन्यांनी नाकारले असे सांगतात. १९४७ मध्ये हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना घेतले, पण तास पुरे करूनही कप्तानपद दिले नाही. दुर्बा बॅनर्जी हवाई सर्वेक्षणाच्या विमानावर अनुभव घेऊन १९६६ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक झाल्या. त्यांना आधी हवाई सुंदरीचे काम सुचवले गेले होते. त्या ठाम राहिल्या म्हणून मागच्यांची वाट मोकळी झाली. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कोलकाता-सिल्चर उड्डाण केले, तेव्हा विमानात सगळा कर्मचारीवर्ग स्त्रियांचाच होता.

२०२२ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार देशातील १७,७२६ नोंदणीकृत वैमानिकांपैकी २,७६४ स्त्रिया होत्या. म्हणजे शंभरात पंधरा. जगाचे प्रमाण शंभरात पाचच्या आसपास. याचा अभिमान जरूर वाटावा. आपल्याकडे २०० तासांच्या नवख्या वैमानिकालाही थेट मोठ्या विमानावर सहवैमानिक म्हणून घेतात, हे याचे एक कारण असावे असे आम्हाला वाटते. अनुभवाचा उंबरठा ठेंगणा असला की बाई तो ओलांडते. पण मग पैशाचा उंबरठा आडवा येतो. नुसत्या परवान्याचाच खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो, टाइप रेटिंगचे लाखो रुपये वेगळे. कपाशी-सोयाबीनवर चालणाऱ्या घरात वावर विकायची वेळ आली तर ते मुलाच्या शिक्षणासाठी विकतात, मुलीच्या लग्नासाठी विकतात. मुलीच्या उड्डाणाच्या तासांसाठी विकलेले आम्ही तरी ऐकले नाही.

अडसर त्याही आधीच पडतो. या परवान्याला बारावीचे गणित आणि भौतिकशास्त्र लागत आले आहे. खेड्यातल्या मुलीला दहावीनंतर "आर्ट्सच बरं" म्हणून बसवतात, त्याच दिवशी तिचा रस्ता मिटतो. पुढे गर्भारपण-बाळंतपणात उड्डाण थांबते, तासांत खंड पडतो, आणि निवडीच्या वेळी तो खंड तिच्याच नावावर उणे म्हणून लागतो.

यावर तोड नाही असे नाही, आणि ती आपल्या एसटीने दाखवली आहे. अवजड वाहनाच्या अनुभवाची अट ठेवली तर बाई चालक मिळणार कुठून? ट्रक तिच्या हाती देतो कोण? म्हणून २०१९ च्या सुमारास महामंडळाने स्त्रियांसाठी ती अट शिथिल केली आणि अवजड वाहनाचे प्रशिक्षण स्वतः दिले. शेजारच्या यवतमाळच्या आदिवासी मुलीही त्यात होत्या. २०२३ मध्ये एसटीच्या स्टीअरिंगवर बाई दिसली. इथे कसोटी सैल झाली नाही. कसोटीला उतरण्याची तयारी संस्थेने करून घेतली.

विमानाच्या बाबतीतही आमचे मागणे एवढेच आहे. बेलोऱ्याच्या संस्थेत अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांतील मुलींसाठी जागा, शुल्कात सवलत आणि वसतिगृह हवे. कोणते तास किती धरणार, प्रशिक्षक म्हणून केलेल्या कामाला काय वजन देणार, हे कंपन्यांनी भरतीच्या जाहिरातीतच स्पष्ट लिहावे. बाळंतपणानंतर पुन्हा उड्डाणाला येणाऱ्या वैमानिकेचे उजळणी-प्रशिक्षण कंपनीच्या खर्चाने व्हावे. आणि तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांत मुलींना गणित घेण्यापासून परावृत्त करणे थांबावे. यासाठी तर कोणाच्या मंजुरीचीही गरज नाही.

मैत्रिणींनो, "अनुभव आहे का?" हा प्रश्न बालवाडीच्या मदतनीस ताईपासून कप्तानापर्यंत प्रत्येकीला विचारला जातो. त्याचे उत्तर जरूर द्यावे. पण उत्तर देताना उलट विचारावे, अनुभव मिळवायला गेलो तेव्हा दारात कोण उभे होते?