पलीकडचे उस्ताद

ईदच्या आधी भाच्याच्या हातात लायसन्स पडावे, अशी आमची फार घाई होती. सगळ्यांनी मिळून त्याच्या गाडीतून गावी जायचे ठरले होते. शिकाऊ लायसन्सचा महिना भरत आला, तसे आम्ही ड्रायव्हिंग स्कूलच्या चाचांकडे गेलो. म्हटले, "चाचा, पोरगा हुशार आहे. सर्टिफिकेट तेवढे देऊन टाका."

चाचांनी रजिस्टर उघडले. भाच्याच्या नावापुढे साडेचार तास होते.

"दहा भरल्याशिवाय नाही, सर. आणि पलीकडच्या स्कूलमध्ये गेलात तरी हेच ऐकाल."

पलीकडे जायचे आमच्या मनात आलेच होते!

नियम काही नवा नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत खासगी वाहनासाठी किमान २१ दिवसांचे शिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास सांगितले आहेत. पण आमच्या गावात स्कूल पाच. एकाने फी उतरवली की दुसरा तास उतरवी. गाडीत तिघे शिकाऊ बसवायचे, आळीपाळीने चालवायचे आणि पुरा तास तिघांच्याही नावावर मांडायचा. पालक खूश. खरे तर पालकच जास्त खूश.

यंदा चाचांनी बाकी चौघांना चहाला बोलावले. त्यांच्याकडे चार तासांत 'तयार' झालेल्या एका मुलाने बाजारात ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. एका भाजीवाल्याचा पाय गेला. सर्टिफिकेटवर सही चाचांची होती. "शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखालीही ब्रेक असतो, सर. घरच्या गाडीत कोण बसणार?" एवढे बोलून ते गप्प झाले.

पाचही जणांनी मिळून ठरवले ते असे: फी ज्याची त्याची, पण स्टिअरिंग हातात असेल तेवढाच वेळ मोजायचा. आणि सर्टिफिकेटआधी दुसऱ्या स्कूलच्या उस्तादांनी शिकाऊला चालवायला लावून पाहायचे. हे आम्हा शिक्षकांना लगेच पटण्यासारखे आहे. बारावीच्या प्रात्यक्षिकाला बाहेरचा परीक्षक उगाच येत नाही. रोज शिकवणाऱ्याला आपल्या पोराच्या चुकांची सवय होऊन जाते.

ईदला आम्ही एसटीनेच गेलो. अम्मी वाटभर भाच्याला चिडवत होती.

परवा त्याचे दहा तास भरले. पलीकडच्या उस्तादांनी गावात दोन चकरा मारायला लावल्या आणि परत पाठवले. वळताना आरसा बघत नाही म्हणे. चाचांच्या हे लक्षातच आले नव्हते. आता आणखी दोन तास, तेही बाजाराच्या दिवशी.