सहलेखकत्वाचे मिथक : 'केव्ह स्टोरी'च्या निमित्ताने

संगणकीय खेळांचा विचार साहित्यसमीक्षेच्या परिभाषेत होऊ लागल्यापासून एक विधान जवळजवळ स्वयंसिद्ध मानले गेले आहे : खेळणारा हा संहितेचा सहलेखक असतो. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. वाचकाच्या हाती सत्ता आली. आणि खेळात तर वाचक प्रत्यक्ष कृतीच करतो, तेव्हा तेथे लेखक उरतोच कुठे, असा हा युक्तिवाद आहे. तो जितका सोयीचा आहे तितकाच पोकळ आहे. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ च्या 'सायबरटेक्स्ट' या ग्रंथात वाचकाला कराव्या लागणाऱ्या श्रमांकडे लक्ष वेधले, ते महत्त्वाचेच होते. पण श्रम करणे म्हणजे लेखन करणे नव्हे. दुसऱ्याने आखलेल्या वाटेवर घाम गाळणाऱ्याला वाटेचा कर्ता म्हणणे ही त्याची स्तुती नसून फसवणूक आहे.

या विधानाची परीक्षा घेण्यास 'केव्ह स्टोरी' ही कृती विशेष योग्य ठरते. दाइसुके आमाया या जपानी कलावंताने 'पिक्सेल' या नावाने सुमारे पाच वर्षे एकट्याने काम करून ती सिद्ध केली. चित्रे, संगीत, संवाद आणि आज्ञावली असे सर्व काही त्यांचेच. २००४ मध्ये ती संगणकावर विनामूल्य उपलब्ध झाली. २०१० मध्ये निन्टेंडोच्या 'वी' या यंत्रावर आणि पुढे इतर यंत्रांवर आली. लेखक मेला असे म्हणावे, तर तो इतका सर्वत्र हजर असलेली दुसरी कृती सापडणे कठीण.

आकाशात तरंगणाऱ्या एका बेटाच्या गुहेत स्मृती गमावलेला यंत्रमानव जागा होतो. बेटावर मिमिगा नावाचे सशासारखे जीव राहतात. लाल फुले खाल्ली की हे सौम्य जीव बेभान होतात आणि या उन्मादाचे सैन्य उभारू पाहणारा एक डॉक्टर त्यांच्या मुळावर उठलेला आहे. नायकाच्या हाती बंदूक आहे. एवढ्यावरून 'हा गोळीबाराचा खेळ, त्यात आशय कसला' असे म्हणून पाठ फिरवणारे समीक्षकही आहेत. सहलेखकत्वाचे पुरस्कर्ते आणि हे तुच्छतावादी वरकरणी परस्परांचे विरोधक दिसतात. प्रत्यक्षात दोघेही एकच चूक करतात : दोघेही नियम वाचत नाहीत.

खेळाचा आशय कथानकाइतकाच नियमांत असतो. शत्रू नष्ट झाल्यावर पडणारे पिवळे त्रिकोण वेचले की शस्त्राचा स्तर वाढतो आणि स्वतःला इजा झाली की तोच स्तर घसरतो. म्हणजे जखम केवळ आयुष्य कमी करत नाही, कौशल्यही हिरावून घेते. हा नियम कोणीही समजावून सांगत नाही, पण पहिल्या काही क्षणांत तो अंगवळणी पडतो. तो उघड आहे, म्हणून तो वाचता येतो.

याहून सखोल उदाहरण तलवारीचे आहे. किंग हा मिमिगा मरताना आपली तलवार नायकाला देतो. ती पूर्ण स्तराला पोचली की तिच्यातून किंगचीच आकृती प्रकट होऊन वार करते. पुढे मिस्टर लिटल नावाचे पात्र या तलवारीच्या बदल्यात 'नेमेसिस' ही बंदूक देऊ करते. ही बंदूक पहिल्या स्तरावर प्रचंड प्रभावी असते आणि स्तर वाढत जातो तसतशी दुबळी होते. शेवटी तिच्यातून रबरी बदके सुटतात. मृत मित्राची आठवण देऊन घेतलेले शस्त्र वापरागणिक हास्यास्पद होत जाते. येथे निवेदकाने एक शब्दही उच्चारलेला नाही. आकडेमोडीनेच भाष्य केले आहे. हे लेखन आहे आणि ते आमायांचे आहे. खेळणाऱ्याने केले ते वाचन.

मग सहलेखकत्वाचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने जेथे उभा राहतो, त्या प्रसंगाकडे वळावे लागते. चक्रव्यूहाच्या शेवटी प्रोफेसर बूस्टर जखमी होऊन पडलेले दिसतात. त्यांच्याजवळ जाऊन विचारपूस केली, तर ते हवेत झेपावण्याचे आपले यंत्र नायकाला देतात आणि प्राण सोडतात. त्यांच्याकडे न पाहता, कठीण पण शक्य अशी उडी मारून पुढे गेले, तर मात्र ते जगतात आणि पुढे अधिक चांगले यंत्र देतात. इतकेच नव्हे, ते वाचले तरच पुढे कर्ली या सहचारिणीला वाचवण्याचा दोर हाती लागतो आणि सर्वोत्तम मानल्या जाणाऱ्या शेवटाची वाट मोकळी होते. दोर आणि प्रोफेसर यांच्यात कथेने कोणताही कार्यकारणसंबंध दाखवलेला नाही.

जखमी माणसापाशी थांबणे हा साधा माणुसकीचा आवेग. ही संहिता त्याला शिक्षा करते आणि पूर्वसूचनाही देत नाही. याचे समर्थन 'जीवनही असेच असते' या वचनाने केले जाते. ते टिकत नाही. जीवन दुसऱ्यांदा खेळता येत नाही. येथे मात्र दुसऱ्या खेपेला, बहुधा कोणीतरी लिहिलेली मार्गदर्शिका वाचून आलेला खेळाडू, मरणाऱ्याकडे पाठ फिरवून उडी मारतो आणि त्याच्या या अलिप्ततेला बक्षीस मिळते. पहिल्या खेपेची शोकांतिका दुसऱ्या खेपेला कोडे बनते आणि कोडे सुटले की शोक उरत नाही.

सहलेखक म्हणवला गेलेला खेळाडू येथे काय लिहितो? काहीच नाही. दोन्ही शक्यता आधीच लिहिलेल्या आहेत, त्यांतील उच्चनीचताही ठरलेली आहे. त्याला फक्त ती शोधायची आहे. त्याला सहलेखक म्हटल्याने एवढेच साधते की प्रोफेसरच्या मृत्यूची जबाबदारी आमायांवरून सरकून त्याच्या माथी येते. सर्वज्ञ निवेदकाच्या सत्तेची झाडाझडती घेण्यात हयात घालवलेली समीक्षा नियमांत दडलेल्या सत्तेपुढे मात्र हात जोडून उभी राहते, हे तिला शोभणारे नाही.

'केव्ह स्टोरी' ही मोठी कृती आहे. म्हणूनच तिच्या कर्त्याला लेखकाचा मान द्यायला हवा आणि त्या मानासोबत येणारा जाबही विचारायला हवा. नेमेसिसच्या नियमाबद्दल त्याचे कौतुक करायचे आणि प्रोफेसरच्या नियमाबद्दल खेळाडूला जबाबदार धरायचे, अशी सोय समीक्षेला घेता येणार नाही. लेखक एकच आहे.